शब्द कळत नाहीत, की सोसत नाहीत?

प्रिय ताई,

आम्ही कर्वेनगरचे चौघं. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमींमध्ये जमलो आणि पुढे त्याचाच बँड झाला. 2019 साली पहिला अल्बम काढला. टेकडी, टपरी, पाऊस, एटीकेटी असली गाणी होती. लोकांना आवडली, गॅदरिंगची बोलावणी यायला लागली.

दुसरा अल्बम फार वेगळा झालाय. आमचा गाणारा मित्र 2021 च्या एप्रिलमध्ये वडिलांना घेऊन बेडसाठी अख्खं पुणे फिरला. बेड मिळाला नाही, म्हणून घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. अकराव्या दिवशी काका गेले. पुढची दोन वर्षं तो काही बोललाच नाही. मग एकदम नऊ गाणी घेऊन आला. आम्ही ती सगळे एका खोलीत बसून, एकत्र वाजवून रेकॉर्ड केली. आवाज खरखरीत आहे, गिटार अंगावर येतात. सातव्या गाण्याच्या शेवटी दोन मिनिटं त्या मशीनचाच आवाज आहे. रात्री मशीन वेगळं वाजायला लागलं म्हणून मेकॅनिकला पाठवायला त्याने तो मोबाईलवर घेतला होता.

कार्यक्रम भरवणारे एक दादा आहेत. त्यांनी अडीच लाख घातलेत. त्यांचं म्हणणं, गायकाचा आवाज गिटारखाली दबलाय, मशीनची घरघर काढा, दोन हलकी गाणी घाला आणि मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, दुसऱ्याकडून करून घ्या. या घोळात तारीख दोनदा पुढे गेली, पोस्टर वाया गेली, हॉलचं डिपॉझिट बुडालं. ड्रमरला दादांचं पटतं. गायक म्हणतो, एक सूर हलला तरी मी बाहेर. मी गिटार वाजवतो आणि हिशोबही मीच बघतो, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मलाच येतात.

खरं सांगू? दोन-तीन ठिकाणी शब्द मलाही कळत नाहीत. पण हे बोललो तर तो मला दादांच्या बाजूचा समजेल. त्याच्या आईने अजून यातलं काहीच ऐकलेलं नाही, ती मला सारखी विचारते, कधी येणार रे अल्बम? मी कोणाची बाजू घेऊ?

— मधला

---

मित्रा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बाजूंचा हिशोब पहिल्या वाचनातच कळला होता. तिसऱ्यांदा वाचताना मात्र ‘खरं सांगू?’ पाशी थांबले. सगळ्या पत्रात तेवढंच वाक्य तू घाबरत लिहिलंयस, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात. शब्द कळत नाहीत ही एक, आणि कळलेले शब्द सोसत नाहीत ही दुसरी. पहिली मिक्समधली चूक आहे. ती तुम्ही स्वतःहून दुरुस्त करायची, दादांनी दमडी घातली नसती तरीही. दुसरी ही चूकच नव्हे, ते गाण्याचं काम आहे. दादा दोन्ही एका दमात बोलले म्हणून तुमचा गायक दोन्ही एका दमात नाकारतोय. आणि ही गाठ सोडवू शकणारा माणूस, म्हणजे तू, गप्प बसलायस.

निर्वाणा हा अमेरिकन बँड तुम्ही ऐकलेला असणारच, त्याशिवाय एका खोलीत बसून वाजवायचं वेड डोक्यात शिरत नाही. 1991 च्या सप्टेंबरात त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनला खाली ढकलून पहिला झाला. त्यांचा गायक कर्ट कोबेन, त्याला नंतर तोच अल्बम फार गुळगुळीत वाटायला लागला. म्हणून पुढच्यासाठी त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. हा माणूस खोलीत जसं वाजतं तसं टेपवर उतरवण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याने बँडला आधीच पत्र लिहून सांगितलं की मला रॉयल्टी नको, प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या. एक लाख डॉलर घेतले आणि विषय संपवला. फेब्रुवारी 1993 मध्ये मिनेसोटा राज्यातल्या कॅनन फॉल्स गावच्या पॅकिडर्म स्टुडिओत, साधारण दोन आठवड्यांत, ‘इन युटेरो’ रेकॉर्ड होऊन मिक्ससुद्धा झाला.

मग तुमचंच रामायण. रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना तो रुचला नाही. हा अल्बम कंपनी बाहेर येऊच देणार नाही अशा बातम्या छापून आल्या. न्यूजवीकमधल्या लेखावर बँड इतका चिडला की त्यांनी खुलाशाचं पत्र लिहिलं आणि तेच बिलबोर्ड या संगीताच्या साप्ताहिकात पानभर जाहिरात म्हणून छापलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एकीकडे कलावंत आणि दुसरीकडे पैसेवाले, बस. पण आत काय चाललं होतं ते तुझ्या कामाचं आहे. बँडला स्वतःलाच वाटत होतं की बेस आणि गायकाचा आवाज काही ठिकाणी मागे पडलाय. म्हणजे शंका त्यांचीही होती. त्यांनी काय केलं? मास्टरिंगमध्ये, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या सफाईत, बॉब लडविगकडून शक्य तेवढं सावरून घेतलं. दोनच गाणी, ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’, स्कॉट लिटकडून पुन्हा मिक्स करून घेतली. बाकी सगळं अल्बिनीने केलं तसंच ठेवलं. सप्टेंबर 1993 मध्ये अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात साधारण 1,80,000 प्रती खपून पहिल्या क्रमांकावर गेला.

पुढे वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानांनी मागच्या कव्हरवरच्या चित्रामुळे तो ठेवायला नकार दिला. तेव्हा त्यांच्यासाठी कव्हर बदललं, एका गाण्याचं छापील नाव बदललं. कोबेन छोट्या गावात वाढलेला. तिथल्या पोरांना दुसरं दुकानच नसतं हे त्याला माहीत होतं. गाण्यातलं अक्षर मात्र हललं नाही. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे त्यांनी वस्तू एकेक करून हातात घेऊन ठरवलं. तुम्ही सरसकट ‘हो’ आणि सरसकट ‘नाही’ यांच्यात अडकलात.

म्हणून कोणालाही उत्तर देण्याआधी चौघांनी मिळून नीट ऐका. मी वीसेक वर्षं मिक्सिंगच्या टेबलावर बसले, तेव्हा हे जरा सविस्तर सांगते.

आधी एक आठवडा कोणीही अल्बम लावायचा नाही. तुमचे कान बधिर झालेत. शिवाय शब्द पाठ असल्यामुळे जे ऐकू येत नाही तेही तुम्हाला ऐकू येतं, मेंदू गाळलेल्या जागा भरतो. मग ज्याने गाणी कधीच ऐकली नाहीत अशी तीन माणसं शोधा. एखादी मावशी, ऑफिसातलं कोणी, वाण्याचा पोरगा, कोणीही चालेल, फक्त बँडवाला नको. त्यांना कागद-पेन द्या आणि म्हणा, कळतील तेवढे शब्द लिहा, आवडलं की नाही ते विचारलेलं नाही. तिघंही एकाच ओळीवर अडखळले तर ती ओळ दबलीय, तिथे वाद घालू नका. वेगवेगळ्या ठिकाणी अडखळले तर सोडून द्या.

ज्या ओळी अशा सापडतील तेवढ्यांसाठी मिक्स करणाऱ्याकडे ‘व्होकल अप’ मागा, म्हणजे बाकी काही न हलवता गायकाचा आवाज तेवढा दीड-दोन डेसिबल वर. तुला वाटतं त्यापेक्षा हा फरक फार छोटा असतो आणि फार मोठं काम करतो. कधीकधी आवाज वर न्यायचीही गरज नसते, त्याच पट्टीत वाजणारी गिटार तेवढ्या ओळीपुरती थोडी आत ढकलली की पुरतं. जुनं आणि नवं ऐकताना दोन्हींची एकूण पातळी सारखी करून घ्या. नाहीतर जे मोठ्याने वाजेल तेच चांगलं वाटेल, हा धोका आम्हा जुन्या लोकांनाही होतो. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर निकाल लावू नका. मोबाईलवर ऐका, शंभर रुपयांच्या इअरफोनवर ऐका, गाडीत काचा लावून अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात कोणता शब्द आधी बुडतो ते बघा.

आणि मूळ मिक्सला हात लावायच्या आधी त्याच्या तीन कॉपी तीन ठिकाणी ठेवा. हे मी का सांगते ते ऐक.

1997 सालची गोष्ट. टिळक रस्त्याजवळ तळघरातल्या एका स्टुडिओत मी होते. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. बहीण गेल्यानंतर लिहिलेली सहा गाणी होती, पेटी आणि आवाज, बस्स. कॅसेट काढणाऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, आवाज खोल जातोय, आणि फार रडकं आहे, ढोलक टाका, कोरस टाका, थोडा उठाव येऊ दे. आवाज खोल जातोय हे खरं होतं. पेटी माइकच्या फार जवळ होती, तिचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खिटी, थोडा खाली आणला असता तर काम झालं असतं. मीही ते दोन्ही एकच समजले. रात्रभर बसून ढोलक घातला, कोरस घातला. टेप महाग होती, म्हणून मूळ मिक्सवरच नवं उतरवलं. सकाळी बाई आल्या. पूर्ण ऐकलं. मग हेडफोन काढला, त्याची वायर व्यवस्थित गुंडाळली, टेबलावर ठेवला, ‘छान झालंय’ म्हणाल्या आणि पर्स घेऊन गेल्या. कॅसेट निघाली. त्यांच्या वाटच्या पंचवीस प्रती न्यायला त्या आल्याच नाहीत. ती गुंडाळलेली वायर मला आजही दिसते. मूळ मिक्स असतं तर मी ते घेऊन त्यांच्या दारात गेले असते.

आता दादांकडे वळू. ते दुष्ट आहेत असं मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. अडीच लाख ही त्यांच्यासाठीही रक्कम असेल. त्यांना भेटायला जाशील तेव्हा ‘आम्ही अमुक ओळी दुरुस्त केल्या, ऐका’ असं म्हणून बस. त्यांच्या तक्रारीतला खरा भाग तुम्ही ऐकून घेतलात हे दिसलं की उरलेल्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. दोन हलकी गाणी मात्र घालू नका. ती या अल्बमच्या मागची नाहीत, 2019 च्या पोरांची आहेत. वाटल्यास वेगळी काढा, पुढच्या पावसाळ्यात.

आणि कागद बघ. तुमच्यात काही लिहिलंय का? आपल्याकडे बहुतेक वेळा चहाच्या टेबलावर ‘अरे आपलंच आहे’ म्हणून काम सुरू होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. दादांनी फक्त पैसे दिले की निर्मितीच हाती घेतली, यावर बरंच अवलंबून आहे. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते मुळात लिहिणाऱ्याचे आणि चाल लावणाऱ्याचे. 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाच्या नावे लिहून देता येत नाही. एखाद्या वकिलाकडे तासभर बस आणि साध्या मराठीत दोन पानं करून घे. पैसे कसे फिटतील, अंतिम मिक्सवर शेवटचा शब्द कोणाचा, एवढं त्यात हवंच.

ड्रमरला दादांचं पटतं म्हणून तो शत्रू होत नाही. त्याला एकट्याला भेट. तो दादांशी सहमत आहे, की दोन वर्षं दुःखाची गाणी वाजवून दमलाय, ते विचार. मला तो दमलाय असंच वाटतंय. मतं जुळलीच नाहीत तर फुटण्याचाही मार्ग असतो, आणि पुण्याला तो नवा नाही. 1972 च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ इथेच उभं राहिलं. 19 प्रयोगांनंतर पीडीएने, म्हणजे ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने, ते थांबवलं, तेव्हा ते करणारी मंडळी बाहेर पडली, थिएटर अकादमी काढली आणि तेच नाटक पुन्हा उभं केलं. पण तिथे प्रश्न नाटक करायचं की नाही हा होता. तुमच्यात अजून दबलेल्या ओळींच्या आवाजाचं बोलणंही झालेलं नाही. इतक्यात फुटू नका.

गायकाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

वीझर नावाचा अमेरिकन बँड आहे. 1994 चा त्यांचा निळ्या कव्हरचा पहिला अल्बम तुमच्या पहिल्यासारखाच लोकांना चटकन आवडला होता. गायक रिव्हर्स कुओमो मग हार्वर्डला शिकायला गेला. पायाचं मोठं ऑपरेशन झालेलं, एकटा पडलेला, अशात त्याने दुसरा लिहिला. बाहेरचा प्रोड्युसर न घेता बँडने तो स्वतःच केला. नाव ठेवलं ‘पिंकर्टन’, पुच्चीनीच्या एका ऑपेरातल्या अधिकाऱ्याचं. 24 सप्टेंबर 1996 ही तारीख ठरली होती, आणि अगदी आदल्या दिवशी त्याच नावाच्या एका सिक्युरिटी कंपनीने कोर्टातून मनाई आणली. पुढे न्यायाधीशांनी ती उठवली. तारखेचे असे हाल होतात, त्याने अल्बम मरत नाही. खरा घाव नंतर बसला. यादीत 19 व्या क्रमांकापर्यंतच गेला, आणि रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी तो वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांमध्ये घातला. कुओमोने त्यात स्वतःला उघडं केलं होतं. लोकांनी तोंड फिरवल्यावर त्यानेही त्या गाण्यांकडे पाठ केली, पुढचा अल्बम यायला 2001 उजाडलं. मग हळूहळू, एकेका पोराच्या खोलीतून, तो अल्बम लोकांचा झाला. 2010 मध्ये बँडने दौऱ्यात तो पूर्ण वाजवला. 2016 मध्ये अमेरिकेत तो प्लॅटिनम ठरला.

वीस वर्षांनी मान मिळतो हे सांगून मी तुझ्या मित्राचं सांत्वन करणार नाही. मला काळजी पहिल्या महिन्याची आहे. ज्या लोकांनी टपरीच्या गाण्यावर उड्या मारल्या ते हे ऐकून विचारतील, हे काय रे काढलंत? तेव्हा तो एकटा असता कामा नये. तारीख ठरेल तेव्हा पहिले पंधरा दिवस कोण त्याच्या सोबत असेल ते आधीच ठरवा. खालच्या प्रतिक्रिया त्याने वाचायच्या नाहीत, तू वाचायच्या.

आणि एक गोष्ट थेट विचार. तू म्हणतोस तो दोन वर्षं बोलला नाही. आता झोपतो का? जेवतो का? कोबेनने एप्रिल 1994 मध्ये स्वतःला संपवलं म्हणून अंधारी गाणी लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायचं नसतं. व्यसन, दुखणं, नैराश्य असं त्याचं बरंच काही होतं, ते गाण्यांनी आणलेलं नव्हतं. उलट लिहिल्यामुळे तुझा मित्र बोलता झाला असं मला दिसतंय. पण अंदाजावर राहू नकोस. दोघं तळजाईला चालायला जा आणि विचार, ‘तुला जगावंसं वाटतं ना?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तराने पोटात गोळा आला तर त्याला एकटं सोडू नकोस. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलतात. मग डॉक्टरकडे तू सोबत जा. अल्बम थांबेल, थांबू दे.

तेव्हाच त्याला दबलेल्या ओळींबद्दलही सांग. दादांचं नाव काढू नकोस. ‘तुझ्या बाबांवरची ओळ मला ऐकू येत नाही, आणि मला ती ऐकायचीय’, एवढंच म्हण. तो समजेल असं मला मनापासून वाटतं.

राहिलं मशीन. ते काढू नका. मीही 2021 मध्ये घरात ते ऐकलंय. ती सलग घरघर, आणि मध्येच दर काही सेकंदांनी हवा सुटल्यासारखं फुस्स. आपण त्या फुस्सची वाट बघत जागे राहायचो. पुण्यात किती घरांनी ते ऐकलं असेल, आणि आजवर कुठल्याच गाण्यात मला ते भेटलं नव्हतं. कोण ऐकेल असं दादा विचारतात. मी ऐकेन.

पण त्याच्या आईने ऐकलेलं नाही. ते मशीन तिच्याही घरात वाजत होतं, तिच्याही नवऱ्यासाठी. माझ्या, दादांच्या, सगळ्यांच्या आधी तिचा हक्क आहे. ती ‘हे नको’ म्हणाली तर तेवढी दोन मिनिटं काढा, तिथे मी अल्बमची बाजू घेणार नाही. तिला ऐकवायला तुम्ही चौघंही जा. रात्री नको, दुपारी चहानंतर जा, खिडक्या उघड्या असू देत. हेडफोन देऊ नका, स्पीकर लावा, म्हणजे सगळे एकत्र ऐकतील. सहावं गाणं संपलं की थांबवा, आणि पुढे काय येणार आहे ते तिच्या मुलाला तिला सांगू दे. मग तिला विचारा, लावू का.

— ताई